पार्सल मिळणार नाही

पाटी खिळ्यावरून उतरवत होतो तेव्हा गाडी आली. इंजिनाचा आवाज नव्हता, म्हणून कळलंच नाही. मागे वळलो तर अंगणात एक पांढरी गाडी उभी, आणि तिच्यातून एक वयस्कर बाई पाय सांभाळत उतरत होत्या.

"बंद केली का काय खानावळ?" त्यांनी विचारलं.

"उद्यापासून बंद," मी म्हणालो. "म्हणजे तशी चार महिने बंदच आहे."

"मग उद्यापासनं काय नवं बंद करणार?"

पाटी हातात तशीच होती. त्यांनी मान वाकडी करून ती मोठ्यानं वाचली. "खातू खानावळ. शुद्ध शाकाहारी. पार्सल मिळणार नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "का वो? पार्सलनं काय घोडं मारलं तुमचं?"

"बायकोचा नियम होता."

"हुता?"

"हो."

त्यांनी पदर डोक्यावरून नीट घेतला.

ही पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल संपत आला होता. शालन जाऊन चार महिने झाले होते. आमची खानावळ आंबा घाटाच्या पायथ्याशी, रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. पुढे दोन बाक-टेबलांच्या रांगा, मागे आमचं घर. वडिलांच्या वेळी इथं फक्त पाण्याचं पिंप होतं. घाट चढायच्या आधी ट्रकवाले रेडिएटरमध्ये पाणी भरत, इंजिन जरा गार होऊ देत. गाडी थांबली की माणूसही थांबे, आणि थांबलेल्या माणसाला भूक लागे. तशी खानावळ झाली. पुढे गाड्या सुधारल्या, रस्ता रुंद झाला आणि कोणाला थांबायची गरज उरली नाही. तरी शालनच्या हातच्या जेवणासाठी जुने ड्रायव्हर थांबत. ती गेल्यावर तेही संपलं.

मुलगी अस्मिता डोंबिवलीला असते. दुसऱ्या दिवशी ती टेंपो घेऊन मला न्यायला येणार होती. घराला कुलूप लावायचं ठरलं होतं. मी हो म्हणालो होतो. नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं.

गाडी चालवणारी मुलगी उतरली. तिशीची असेल. "काका, मी मृणाल मगदूम. या माझ्या सासूबाई. आम्ही कोल्हापूरच्या. तुमच्याकडे पंधरा अँपियरचा पॉइंट आहे का? मिक्सरचा नको, मोठा. गिझरचा असतो तसला."

"ग्राइंडरचा आहे स्वयंपाकघरात. कशाला?"

"गाडी चार्ज करायचीय. रत्नागिरीत उतरलो होतो तिथला चार्जर बंद निघाला. वाटेत कुठेतरी मिळेल म्हणून निघालो. आता बारा टक्के राहिलीय. पुढे घाट आहे. चढणीला बॅटरी फार खाते. एवढ्यावर कोल्हापूर नाही गाठता येणार."

"मी म्हणलो हुतो, डिझेलची घिऊया," सासूबाई म्हणाल्या. कोल्हापूरकडच्या बायका आम्ही पुरुष बोलतो तसं 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. मला ते ट्रकवाल्यांच्या घरच्यांमुळे माहीत होतं.

"आई, डिझेल संपलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बैलगाडी घेऊया."

"बैल वाटंत थांबला तर गवत तरी खातोय. ही तुझी काय खाणार?"

मी त्यांना आत घेतलं. स्वयंपाकघरात खोकी रचलेली होती. ग्राइंडर बाजूला सरकवला. मृणालनं डिकीतून एक जाड वायर काढली. वायरीच्या मध्यावर वहीएवढा काळा डबा होता, त्यावर दिवे. खिडकीच्या गजांतून वायर ओढून तिनं एक टोक गाडीला लावलं आणि दुसरं आमच्या पॉइंटला. बटण दाबलं.

डब्यावर लाल दिवा लागला आणि उघडझाप करायला लागला.

"अरे देवा," मृणाल म्हणाली. तिनं बटण बंद करून परत चालू केलं. परत लाल. "काका, अर्थिंग मिळत नाही म्हणतोय."

"वीज तर आहे. तो बघा पंखा फिरतोय."

"पंख्याला अर्थिंग नसलं तरी तो फिरतो. ही गाडी तशी नाही. आधी जमीन लागते का बघते. नाही लागली तर वीज घेतच नाही."

"शहाणी हाय," सासूबाई म्हणाल्या. "सुनंपेक्षा."

"अर्थिंग आहे आमच्याकडे," मी म्हणालो. मला जरा लागलंच ते. "माझ्यासमोर खड्डा खणलाय. चला, दाखवतो."

मागच्या दारी गेलो. भिंतीलगत जिथं खड्डा होता तिथं कर्दळीचे वाळके दांडे उभे होते. पानं कागदासारखी झाली होती. हात लावला तर चुरा होऊन हातात आली. मातीला भेगा पडल्या होत्या. भेगांमधून अर्थिंगच्या पाइपाचं तोंड दिसत होतं, आणि त्याला जोडलेली पट्टी भिंतीवरून मीटरकडे गेली होती.

"कर्दळ व्हय ही?" सासूबाईंनी विचारलं. "कशानं वाळली?"

"पाणी नाही."

"आणि आदी कोण घालायचं?"

"कोणी नाही. जेवायला आलेली माणसं इथंच हात धुवायची."

"पुढं बेसिन बघितला की मी."

"तो आत्ता बसवला. शालन गेली तेव्हा दहाव्या-बाराव्याला माणसं आली होती. वयस्कर माणसांना मागे यायला नको म्हणून पुतण्यानं बसवला. त्याचं पाणी रस्त्याच्या गटारात जातं. ती होती तेव्हा सगळ्यांना इथं पाठवायची. लोक कुरकुरायचे. एक वकील तर भांडला होता, समोर नळ असताना ओट्यावरून मागे कशाला पाठवता म्हणून. ती म्हणाली, मागे वारं छान येतं."

"अन् कर्दळ कुणी लावली?"

"तिनंच. माहेराहून गड्डे आणले होते. नवीन फ्रीज घेतला त्या वर्षी. फ्रीजला हात लावला की तिला झिणझिण्या यायच्या. म्हणून वायरमनला बोलावलं. त्यानं इथं खड्डा खणला, खाली पत्रा पुरला, वर कोळसा आणि मीठ भरलं. जाताना तिला म्हणाला, वहिनी, हा कातळ आहे, ओल धरत नाही. खड्डा सुकू देऊ नका..."

बोलता बोलता मी थांबलो. वायरमन हे बोलत होता तेव्हा मी दारात उभा होतो. गिऱ्हाइकानं हाक मारली म्हणून पुढे गेलो होतो. त्यानंतर त्या खड्ड्याबद्दल आमच्यात एकदाही बोलणं झालं नव्हतं. पुढच्या आठवड्यात कर्दळ आली, आणि त्याच आठवड्यात पुढच्या नळावरचा लोटा नाहीसा झाला.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मृणालही.

"बादली कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

विहिरीवर पंप होता, पण नळी मी आदल्याच दिवशी गुंडाळून एका शेजाऱ्याला देऊन टाकली होती. मग बादल्या. मी दोन, मृणाल दोन. पहिल्या चार बादल्या तर भेगांत अशा गेल्या की वरची माती ओलीसुद्धा दिसेना. सासूबाई पायरीवर बसून हुकूम सोडत होत्या. "एकदम वतू नका. सावकाश. तान्या पोराला पाजतात तसं." मी बरणीतलं खडेमीठ आणून पाइपाभोवती टाकलं. मृणाल आत जाऊन बटण दाबून आली.

"लाल."

परत बादल्या. माझा सदरा भिजला. चार महिन्यांत एवढं काम मी केलं नव्हतं. माती हळूहळू काळी पडायला लागली, आणि एकदा पाणी वर थोडं साचून राहिलं.

"बघा आता," मी म्हणालो.

मृणाल आत गेली. मग खिडकीतून ओरडली, "हिरवा! आई, हिरवा लागला!"

"म्हणलो हुतो की मी," सासूबाई म्हणाल्या. खरं तर असं त्या काहीच म्हणाल्या नव्हत्या.

मी आत जाऊन दिवा बघितला. लहानसा होता. बघत उभा राहिलो. मृणालनं विचारलं, "काका, बरं वाटतंय ना?" मी म्हणालो, "घाम आलाय जरा."

गाडीला निदान चार तास लागणार होते. मृणालनं हिशेब केला, दिवस मावळायच्या सुमारास निघता येईल. हे ऐकून सासूबाई सरळ झाल्या.

"मग माझ्या जेवणाचं काय?"

"आई, बिस्किटं आहेत."

"बिस्किटं तू खा." मग मला म्हणाल्या, "आम्ही जैन वो. दिवस बुडाल्यावर मी तोंडात पाणी बी घेत नाही. खानावळ बंद हाय, पर चूल बी बंद हाय काय?"

"चूल आहे. पण स्वयंपाक करणारी नाही," मी म्हणालो. "मी गल्ल्यावर बसायचो, वाढायचो, बाजार करायचो."

"चार महिनं काय खाल्लं मग?"

"पेज. कधी शेजारून डबा."

"कांदा, लसूण, बटाटा चालत नाही मला. बाकी काय बी चालतंय. पेज बी चालंल."

घरात काही नव्हतंच. सामान वाटून टाकलं होतं. तांदूळ होते, आमसुलं होती, एक नारळ होता. आणि एका खोक्यात कुळथाच्या पिठाचा डबा होता. शालननं आजारी पडायच्या आधी स्वतः कुळीथ भाजून, भरडून, दळून आणलं होतं. तो डबा मी कोणाला दिला नव्हता. डोंबिवलीला न्यायच्या खोक्यात सगळ्यात खाली, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला होता. नेऊन काय करणार होतो तेही माहीत नव्हतं.

खोकं उघडलं. झाकण घट्ट बसलं होतं, चमच्याच्या मागच्या टोकानं काढलं. वास आला. मी थोडा वेळ डबा धरून उभा होतो. दारात सासूबाई येऊन उभ्या होत्या.

मग भात टाकला. फोडणीला मोहरी, हिंग, मिरच्या. पाणी उकळल्यावर त्यात पीठ सोडायला निघालो तर मागून आवाज आला, "अहो, गुठळ्या हुतील! आदी गार पाण्यात कालवा. बायकोला कदी करताना बघितलं न्हाई काय?"

"बघितलंय. पण बघत होतो तेव्हा शिकत नव्हतो."

"सगळे पुरुष तसलेच. आमचं मालक तर चहाला फोडणी घालतील."

कुळथाची पिठी ढवळत राहिलो. वर खोबरं घातलं. आमसुलाचं सार केलं. पुढच्या टेबलावरची खोकी खाली ठेवून फडकं मारलं आणि तीन ताटं घेतली. ऊन अजून अंगणात होतं. सासूबाईंनी पहिला घास घेतला, आणि मी गल्ल्याजवळ उभा असायचो तसाच उभा राहून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"मीठ जास्त झालंय," त्या म्हणाल्या. "खड्ड्यातलं हिकडं पडलं वाटतं." मग दुसरा घास घेतला. "पर पीठ कुणाचं हाय?"

"तिचं."

"हां. ते कळतंय."

मी बसलो आणि जेवलो. जेवताना मृणालला विचारलं, "हा असा डबा कोणीही बसवू शकतो?"

"हा डबा गाडीबरोबरच मिळतो. घरी रोज रात्री लावायला पुरतो. फक्त त्याला वेगळी वायर आणि वेगळा स्विच हवा. फ्रीज-ग्राइंडरच्या वायरीवर तासन् तास चालवला की वायर तापते. आज मीही भीतभीतच लावलाय. मधून मधून हात लावून बघतेय."

"आणि धंद्याला? हॉटेलांवर असतो तो?"

"तो भिंतीवर बसवतात. याच्या दुपटीनं वीज देतो. तुमचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. आणि तिसरा असतो मोठा, कपाटाएवढा. महामार्गावरच्या पंपांवर बघितला असेल. पंधरा-वीस मिनिटांत गाडी घाटापुरती भरते. पण त्याला थ्री फेज लाइन, वेगळा मीटर, कदाचित वेगळा ट्रान्सफॉर्मर. मोठं काम आहे ते."

"मग मोठाच चांगला म्हणायचा."

"तसं नाही काका. भिंतीवरचा बसवला तरी गाडीच्या पोटातलं मशीन जेवढं घेऊ शकतं तेवढंच घेणार. माझी ही लहान गाडी. मोठ्या गाड्या जास्त घेतात."

"ताटात कितीबी वाढा," सासूबाई म्हणाल्या, "पोट केवढं, तेवढंच जेवणार."

"तेच. म्हणून चार्जर नंतर ठरवायचा. आधी ठरवायचं, आपल्याकडे गाडी किती वेळ उभी राहणार. घरी रात्रभर उभी, तिथं छोटा. पंपावर कोणाला थांबायचं नसतं, तिथं मोठा. मी जनावरांची डॉक्टर, आमच्या दवाखान्यात लोक कुत्री-मांजरं घेऊन येतात, तास-दीड तास जातो, तिथं मधला बसवलाय." तिनं बोटं चाटली. "तुमच्याकडे माणूस किती वेळ थांबतो?"

"आता कोणी थांबत नाही."

"आधी?"

"इंजिन गार होईपर्यंत," मी म्हणालो.

जेवण झाल्यावर सासूबाईंनी हात धुवायचं कुठं म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मी बेसिनकडे हात केला. त्यांनी बेसिनकडे पाहिलं, लोटा उचलला आणि मागच्या दाराकडे चालू लागल्या. "मी तिकडं धुतो. तेवढंच पाणी पडंल."

संध्याकाळी निघताना मृणालनं फोन काढला. "काका, आमच्यासारख्या गाडीवाल्यांचं एक ॲप आहे. त्यावर नकाशात ही जागा टाकू? इथं प्लग मिळतो, जेवण मिळतं म्हणून? खूप लोक या घाटाला घाबरतात."

"खानावळ उद्यापासून बंद आहे."

"मग नको टाकू?"

तिचा अंगठा फोनवर होता. सासूबाई गाडीत बसून पदरानं वारा घेत होत्या. खरं म्हणजे 'नको' एवढंच म्हणायचं होतं.

"एक दिवस थांबा," मी म्हणालो. "उद्या फोन करतो."

"म्हैन्यानं भाचीचं लगीन हाय रत्नागिरीला," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "येताना हितंच जेवणार मी. मीठ बेतानं घाला." गाडी आवाज न करता घाटाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्मिता आली. मागे टेंपो. ती उतरली आणि थेट आत आली. खोकी उघडी, ग्राइंडर बाजूला, टेबल पुसलेलं, कुळथाचा डबा ओट्यावर. मी मागच्या दारी कर्दळीला पाणी घालत होतो.

"बाबा, हे काय? काहीच बांधलेलं नाही तुम्ही. टेंपोवाला दुपारी निघायचं म्हणतोय."

"अस्मी, तुमच्या सोसायटीत गाड्यांचा चार्जर आहे?"

"आहे दोन. का? तुम्हाला गाडी घ्यायचीय?"

मी तिला सगळं सांगितलं. बाया, लाल दिवा, बादल्या, पिठी. ती ऐकता ऐकता पायरीवर बसली. कर्दळीचं सांगितलं तेव्हा तिनं मान फिरवून खड्ड्याकडे पाहिलं.

"मला वाटायचं आईला फुलं आवडतात," ती म्हणाली.

"मलाही."

मग मी म्हणालो, "मी इथं एक बसवावा म्हणतोय. खानावळीला."

ती उठली. "बाबा, तुम्ही एकटे. रात्री काही झालं तर? ताप आला तर पाणी कोण देणार? मला तिकडे झोप लागत नाही हो. फोन वाजला की छातीत धस्स होतं. ती माणसं काल आली, गेली. रोज येणारेत का?"

"माहीत नाही."

"आणि नाही आली तर?"

"तर दिवाळीला तू टेंपो घेऊन ये. मी मुकाट्यानं बसेन."

ती आत गेली, बाहेर आली, टेंपोवाल्याला थांबायला सांगितलं. मग फोन काढून जावयाला लावला. तो विजेच्या सामानाच्या कंपनीत आहे. ती स्पीकरवर बोलत होती, म्हणून मला ऐकू आलं.

"बसवायचाच असेल तर फास्ट बसवा म्हणावं बाबांना," जावई म्हणाला. "अशी हायवेवरची जागा कुठे मिळते? लोन मिळेल, मी बघतो सगळं. गाडी आली, वीस मिनिटं, गेली. आली, गेली. स्लो कोण वापरणार तिथं? दीड-दोन तास लोक थांबतात होय?"

"ऐकलंत ना बाबा?" अस्मिता म्हणाली. "करायचं तर नीट करा. फास्ट घ्या. गाड्या भराभर जातील."

"भराभर जातील," मी म्हणालो.

"हो, मग?"

मी आत गेलो. पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. ती उचलून आणली आणि तिच्यासमोर धरली. तिनं वाचली. लहानपणापासून हजार वेळा वाचली असेल.

"तुला माहितेय आई पार्सल का देत नव्हती?"

"कागद-पिशव्यांची कटकट म्हणून."

"ते गिऱ्हाइकांना सांगायची. मला म्हणायची, पुढे घाट आहे. एका हातात स्टिअरिंग आणि एका हातात पोळी, असा माझ्या दारातून कोणी जायचा नाही. बसेल, जेवेल, हात धुवायला मागे जाईल, तेवढ्यात डोळ्यांवरची झोप जाईल, मग जाईल." पाटी जड होती, मी खाली टेकवली. "तो मोठा चार्जर म्हणजे पार्सल आहे, अस्मी. मला भिंतीवरचा पाहिजे. मधला."

फोनवर जावई "हॅलो, हॅलो" करत होता. अस्मितानं फोन कानाला लावला. "अहो, ठेवते. नंतर करते." मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "हातोडी कुठेय? का तीपण देऊन टाकलीत?"

"खोक्यात आहे. कुठल्या ते माहीत नाही."

चार खोकी उघडल्यावर हातोडी सापडली. पाटी तिनंच लावली. जरा तिरकी लागली, ती अजून तशीच आहे. टेंपोवाला दुपारी रिकामा निघाला, पण त्याला आम्ही आधी जेवायला बसवलं. त्यानं पार्सल मागितलं नाही. संध्याकाळी मी मृणालला फोन करून म्हणालो, नकाशात टाका.

काम पावसाआधी झालं नाही, पावसानंतर झालं. नवा वायरमन आला, त्यानं दुसरा खड्डा खणला, तांब्याची पट्टी घातली, मापून बघितलं. भार वाढवून मिळायला मला वीज मंडळात चार-पाच खेपा घालाव्या लागल्या. अस्मिता महिन्यातून एकदा येते, आणि रोज रात्री फोन करते. मीच आधी करतो, म्हणजे तिच्या छातीत धस्स होत नाही. स्वयंपाकाला शेजारच्या गुरवांची सून येते. कुळथाची पिठी मात्र मी करतो. दर वर्षी कुळीथ आणतो, भाजतो, दळून आणतो. शालनच्या पिठाला जो वास होता तो अजून येत नाही. थोडा जवळ आलाय.

त्या सासूबाई भाचीच्या लग्नाहून येताना जेवून गेल्या. त्यानंतरही तीनदा. गेल्या खेपेला मीठ बेताचं झालंय म्हणाल्या.

भिंतीवर आता दोन डबे आहेत. गाड्या रोज येतात असं नाही, पण येतात. आली की दीड-दोन तास उभी राहते. कोणी जेवतं, कोणी बाकावर आडवं होतं, कोणी उगाच अंगणात फिरत बायकोशी फोनवर बोलतं. पुढचा बेसिन मी काढून टाकला.

गेल्या रविवारी एक मुलगा आला. नवीन मोठी गाडी, एकटाच, घाईत. वायर लावली आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, फास्ट चार्जर नाही तुमच्याकडे?"

"नाही."

"अहो, मग दीड तास मी इथं करू काय?"

"आधी हात धुऊन घ्या," मी म्हणालो. "पान वाढतो."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "बेसिन कुठाय?"

"मागच्या दारी, कर्दळीवर."

तो लोटा घेऊन कुरकुरत मागे गेला, मी त्याच्या मागोमाग. यंदा कर्दळ त्याच्या खांद्याला लागेल एवढी झालीय, लाल फुलं आलीत. तिथंच एका बाजूला त्यानं घाईघाईत पाणी ओतलं.

"अहो, तिथं नको," मी ओतणाऱ्या हाताकडे बोट केलं. "मुळाशी. आणि सावकाश. सगळं आत जाऊ दे."